गुळाची ढेप आणि गावाचे नाव

२०२५ सालच्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरी पोशाखांचे एक मोठे प्रदर्शन झाले. प्राडा या नावाजलेल्या पेढीने त्यात पुरुषांसाठी काही पादत्राणे मांडली. ती कोणत्या घराण्यातील आहेत हे ओळखण्यास कोल्हापूरच्या माणसाला चष्म्याची गरज पडली नाही. पण प्रदर्शनात त्यांची ओळख नुसत्या चामडी चपला अशी करून देण्यात आली होती. कोल्हापूरचे नाव कोठेच नव्हते. मग आमच्याकडे जो गहजब उडाला तो सर्वांस विदित आहे. वर्तमानपत्रे तापली, व्यापारी मंडळींनी पत्रे धाडली, आणि थोड्याच दिवसांत त्या पेढीला या पादत्राणांचे मूळ भारतीय कारागिरीत आहे असे मान्य करावे लागले.

या प्रकरणात मला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. ज्या देशात आपल्या गावाचे नाव गाळले गेले, तोच देश स्वतःच्या गावांची नावे जपण्यात साऱ्या जगात अग्रेसर आहे. पार्मा हे तेथील एक शहर. वस्तीने कोल्हापूरच्या निम्म्याहूनही कमी. पण त्याच्या नावावर एक चीज आणि डुकराची मिठात मुरवून वाळवलेली मांडी असे दोन पदार्थ जगभर चढ्या भावाने विकले जातात, आणि ते नाव भलत्याने वापरले तर पार्माकर थेट न्यायालय गाठतात. शाकाहारी श्रोत्यांनी क्षमा करावी. या मांडीवाचून माझा आजचा मुद्दा पुरा होत नाही.

चपलांविषयी पुष्कळ बोलून झाले आहे. मला बोलावयाचे आहे ते गुळाविषयी. चपलेवरून आपण जगाशी भांडलो हे योग्यच झाले. परंतु ज्या गुळावर या शहराची पेठ उभी राहिली, त्याचे नाव आपल्याच वाण्याच्या दुकानात रोज पुसले जाते आणि त्याविषयी कोणी ब्र काढीत नाही.

मालाला गावाचे नाव देण्याची रीत आपल्याकडे विलायतेतून आलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोशात कोणता माल घ्यावा याची जी चर्चा आहे, तीत मोती, कातडी, रेशीम, कापूस हे सर्व जिन्नस त्यांच्या मूळ ठिकाणांसह सांगितले आहेत. उत्तम सुती कापडाच्या यादीत काशी, कलिंग, वंग यांच्या पंक्तीस अपरान्त, म्हणजे आपला कोकण, बसलेला आहे. त्याच ग्रंथात फाणित, गुड, खंड, शर्करा असे उसाच्या रसापासून होणारे पदार्थ एका वर्गात घातले आहेत. गुड या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ गोळा. पदार्थाला नाव मिळाले ते त्याच्या गोडीवरून नव्हे, आकारावरून. हा आकार पुढे आपल्याला फार महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून तेवढे ध्यानात ठेवावे.

कोल्हापुरास गुळाची पेठ का वसली, याचे पहिले उत्तर नद्या देतात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या संगमातून पंचगंगा होते, आणि करवीर, पन्हाळा, राधानगरी, कागल या बाजूंस काळी, गाळाची, पाण्याजवळची जमीन मिळते. पण नुसत्या जमिनीने पेठ वसत नाही. १८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला आणि येथील माल बैलगाडीच्या टप्प्यापलीकडे जाऊ लागला. २ एप्रिल १८९४ रोजी शाहू छत्रपतींनी राज्यकारभार हाती घेतला, आणि पुढच्याच वर्षी, १८९५ त, शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविण्यास आरंभ झाला. बाहेरच्या व्यापाऱ्यांना जागा व सवलती देऊन येथे बोलावण्यात आले. पुढे भोगावतीवर राधानगरीचे धरण हाती घेण्यात आले. १९२२ साली महाराज वारले तेव्हा ते अपुरेच होते, आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. शाळेत हा भाग शिकविताना वेदोक्त प्रकरण, वसतिगृहे, १९०२ सालचा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम यांवरच आमचा भर असे, आणि ते उचितच आहे. पण तीन गोष्टींनी, म्हणजे आगगाडी, पेठ आणि धरण यांनी, एका पिकाला गावाचे नाव कसे मिळवून दिले, हा धडा कोणत्याच क्रमिक पुस्तकात मी पाहिला नाही. येथील नदीवर फळ्या घालून पाणी अडविण्याची जी तऱ्हा, तिला तर महाराष्ट्रभर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेच म्हणतात. त्या नावावर मात्र कोणी हक्क सांगत नाही, आणि सांगण्याचे कारणही नाही.

आता गुऱ्हाळाकडे वळू. दिवाळीच्या पुढेमागे ऊस तोडीस येतो आणि पुढे उन्हाळा लागेपर्यंत हे काम चालते. पूर्वी बैलांच्या चरकावर रस काढीत. नंतर तेलाचे एंजिन आले, आता वीज आहे. रस मोठ्या पसरट काहिलीत पडतो. खाली चुलवाणात उसाचीच वाळलेली चिपाडे जळतात, म्हणजे ऊस स्वतःच्याच सरपणावर शिजतो. उकळी येऊ लागली की मळी वर येते. ती सुटून यावी म्हणून रानभेंडीचा चिकट रस घालतात आणि झाऱ्याने मळी काढीत राहतात. यापुढचे काम गुळव्याचे. रस आटून पाक झाला, फेस बारीक झाला, की गुळव्या त्यातला थेंब पाण्यात टाकतो आणि बोटांनी त्याची गोळी करून पाहतो. उष्णतामापक लावला तर पारा ११८ अंशांच्या आसपास दिसेल; पण गुळव्याच्या बोटांना तो लागत नाही. क्षणभर अगोदर उतरविले तर गूळ मऊ राहून पावसाळ्यात पाझरतो, क्षणभर उशीर झाला तर करपून काळा पडतो. मग काहील उपडी करून पाक वाफ्यात ओततात, ढवळून निववतात, आणि बादलीच्या आकाराच्या साच्यात कापड घालून भरतात. थंड झाल्यावर जी तीस किलोंची ढेप निघते, तिला आमच्या बाजारात रवा म्हणतात. शंभर किलो उसाचा जेमतेम दहाबारा किलो गूळ होतो. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस, काकवी आणि पळसाच्या पानावर ऊन गूळ दिल्यावाचून जाऊ देत नाहीत. करवीर तालुक्यातील माझे कित्येक विद्यार्थी हंगामात आठआठ दिवस गैरहजर राहत आणि परत येत ते हातांना काकवीचा वास घेऊन. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे मी फुली मारीत असे, पण रागावणे काही जमत नसे.

दिवाळीच्या पाडव्याला बाजार समितीत गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त होतो. रवे ओळीने मांडलेले असतात. अडत्याबरोबर खरेदीदारांचा घोळका एकेका ढिगापाशी थांबतो. कोणी नखाने कण काढून जिभेवर ठेवतो, कोणी रंग उजेडात पाहतो, कोणी बोट दाबून कणी पाहतो, आणि बोली होते. हा माल बहुतांशी गुजरातेत जातो. या देवघेवीत एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. सौद्यात घेणारा आणि देणारा समोरासमोर असतात, माल अखंड असतो, आणि तो कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याचा हे अडत्याच्या वहीत लिहिलेले असते. कोल्हापुरी गुळाला जे नाव मिळाले ते या अखंड ढेपेमुळे आणि या तोंडओळखीमुळे. सव्वाशे वर्षे ती सचोटी टिकली म्हणून नाव टिकले.

पण आता त्या रव्याच्या मागोमाग पुण्याच्या किंवा मुंबईच्या एखाद्या किराणा दुकानात जाऊ. तेथे गोणपाट सोडतात, दुकानदार बत्त्याचे चार घाव घालून ढेप फोडतो, खडे पत्र्याच्या डब्यात पडतात आणि डब्यावर खडूने ‘कोल्हापुरी’ असे लिहिले जाते. उद्या त्या डब्यात दुसऱ्या गावचा गूळ पडला तरी खडूची अक्षरे तीच राहतात. ढेप फुटली त्या घटकेला गूळ आपल्या गावापासून तुटला. गिऱ्हाईक विचारते, "कोल्हापुरीच आहे ना?" दुकानदार म्हणतो, "तर काय!" आणि दोघांचेही समाधान होते. संक्रांतीला तिळगुळासाठी चिक्कीचा गूळ मागणारी गृहिणी निदान पाकाला ताण येतो की नाही यावरून परीक्षा तरी करू शकते; पुरणाच्या गुळाला तीही सोय नाही.

आणि हे नाव एका गुळाचेच नव्हे. खाणावळीच्या फलकावर ‘व्हेज कोल्हापुरी’ म्हणून जे ताट येते, त्याचा आमच्या गावाशी संबंध तिखटापुरताच, आणि तेही तिखट बहुधा आमचे नसते. कोल्हापुरी हे विशेषण हळूहळू झणझणीत या अर्थाने वापरले जात आहे. गावाच्या नावाचे असे विशेषण झाले की ते कोणाचेच राहत नाही, आणि मग कोणीही ते कशालाही लावावे.

नेमका हाच प्रसंग पार्माकरांवर आला होता. त्यांचे चीज हे मुळात आपल्या ढेपेचेच भावंड म्हणावे असे आहे. दूध, मीठ आणि विरजणाचे द्रव्य यांखेरीज त्यात काही घालावयाचे नाही असा दंडक आहे. सुमारे साडेपाचशे लिटर दुधाची चाळीस किलोंच्या आसपास वजनाची, गाडीच्या लहान चाकासारखी एक ढेप होते, आणि ती निदान बारा महिने फळीवर मुरत ठेवतात. या नावाचे रक्षण तेथे फार जुने आहे. १६१२ साली, म्हणजे आपल्याकडे शिवछत्रपतींचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, पार्माच्या ड्यूकच्या कारकिर्दीत एका अधिकृत दस्तऐवजाने पार्माचे चीज कोणत्या ठिकाणच्या मालास म्हणावे हे ठरविण्यात आले. १९३४ साली तेथील उत्पादकांनी आपला संघ स्थापन केला. आज पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोदेना हे तीन प्रांत, शिवाय बोलोन्या प्रांताचा रेनो नदीच्या डाव्या तीराकडील भाग आणि मांतोवा प्रांताचा पो नदीच्या उजव्या तीराकडील भाग, एवढ्याच टापूतील चीजला पार्मिजानो रेज्जानो हे नाव लावता येते. नदीच्या पलीकडच्या काठावर तीच गाय, तेच गवत असले तरी नाव नाही.

परंतु नकाशावर रेघ ओढून हे नाव टिकलेले नाही. ते टिकले एका साध्या युक्तीने. चीज ओले असतानाच त्याच्या कडेभोवती एक पट्टा गुंडाळतात. त्या पट्ट्यावर टिंबाटिंबांनी काढलेली अक्षरे असतात, आणि ती सालीवर सर्व बाजूंनी पुन्हापुन्हा उमटतात. दुकानदाराने त्या चाकाची कशीही फोड कापली तरी फोडीच्या सालीवर नावाचा थोडा तरी तुकडा राहतोच. परमुलखातील गिऱ्हाइकाने त्या तीन टिंबांकडे पाहिले की झाले. आमच्या ढेपेला साल नाही, आणि सगळी अडचण येथेच आहे.

पार्माच्या मांडीचा प्रश्न आमच्या प्रश्नाच्या अधिक जवळ जातो. मांडी आणि मीठ, याखेरीज तिसरा जिन्नस नाही. शहराच्या दक्षिणेस लांगीरानोच्या बाजूला ज्या टेकड्या आहेत, तेथील वारा उंच खिडक्यांतून आत घेऊन महिनोन्‌महिने ती वाळवितात. परीक्षा करणारा माणूस घोड्याच्या हाडाची बारीक सुई मांडीत ठिकठिकाणी खुपसतो आणि तिचा वास घेतो. हा तेथला गुळव्याच समजा. पसंत पडलेल्या मांडीच्या कातडीवर तापलेल्या लोखंडाने पाच टोकांच्या सरदारी मुकुटाची मुद्रा उठवितात. या उत्पादकांचा संघ १९६३ सालचा. पण मुद्रा असते कातडीवर, आणि गिऱ्हाइकाला हव्या असतात कागदासारख्या पातळ चकत्या. चकती कापली की मुद्रा मागे राहिली. म्हणजे त्यांचीही ढेप फुटली!

यावर त्यांनी काय केले? त्यांनी नियमच केला की, पाकिटात घालून विकावयाच्या चकत्या पार्माच्या टापूतच, संघाच्या देखरेखीखाली कापल्या व बांधल्या पाहिजेत. दुकानदाराला सबंध मांडी काउंटरवर ठेवून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चकत्या कापण्यास मुभा आहे, कारण तेथे मुद्रा समोर दिसत असते. पण आतल्या खोलीत किंवा दूरच्या कारखान्यात कापून पाकिटे भरण्यास नाही. इंग्लंडातील ॲस्डा नावाच्या दुकानांच्या एका मोठ्या साखळीने हा नियम मानला नाही. त्यांनी विकलेला माल खोटा नव्हता. मांडी अस्सल पार्माचीच होती. ती फक्त इंग्लंडात कापली व बांधली होती. तरीही संघ न्यायालयात गेला. वाद चढत चढत युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचला, आणि २० मे २००३ रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की, अशी अट घालणे रास्त आहे, कारण मालाचा दर्जा व नावाची पत राखण्यास ती उपयोगी पडते. मात्र या अटीची पुरेशी प्रसिद्धी झालेली नसल्याने तिचा अंमल त्या दुकानांवर करता येणार नाही. खटल्यात पार्माकर हरले आणि तत्त्वात जिंकले. त्याच दिवशी किसलेल्या चीजविषयीही असाच निकाल झाला.

मला या निकालाचे महत्त्व फार वाटते. मालाचे नाव जपावयाचे तर शेत, गोठा आणि भट्टी येथेच लक्ष ठेवून भागत नाही, दुकानदाराची सुरी जेथे चालते तेथपर्यंत जावे लागते, हे त्यात मान्य झाले. कापणे हीसुद्धा निर्मितीचीच शेवटची पायरी मानली गेली. आम्ही ढेप फोडणे हे हमालीचे काम समजतो.

अर्थात त्यांचेही सर्वत्र चालते असे नाही. अमेरिकेत पार्मेझान हे नाव पार्माच्या टापूबाहेरच्या चीजलाही लावता येते. आमच्या व्हेज कोल्हापुरीसारखीच त्याची गत झाली आहे. २००८ सालच्या दुसऱ्या एका निकालात युरोपीय न्यायालयाने म्हटले की, पार्मेझान हे सर्वसाधारण नाव झाले आहे असे सिद्ध झालेले नाही. पण त्याच निकालात असेही सांगितले की, जर्मन सरकारने आपण होऊन दुकाने तपासीत फिरावे असे बंधन त्याच्यावर नाही. सरकार कायदा करून देते. पाळत ठेवण्याचे काम ज्याचे नाव त्यालाच करावे लागते.

आपल्याकडे असा कायदा १९९९ साली संमत झाला आणि सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. दार्जिलिंगच्या चहाची नोंद पहिली झाली. कोल्हापुरी गुळाची नोंद २०१४ साली झाली. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची आणि चपलांची त्यानंतर. खोटे नाव लावणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड, अशी शिक्षा कायद्यात लिहिली आहे. कागद म्हणून तो पार्माकरांच्या कागदाहून उणा नाही. उणीव आहे ती कागदापुढील कामाची. नुसती गावाची नोंद होऊन शेतकऱ्याला नाव वापरता येत नाही. प्रत्येक उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली वेगळी नोंद करावी लागते. ज्या गुऱ्हाळवाल्याचा दिवस पहाटे चुलवाण पेटविण्यापासून सुरू होतो, त्याने हे अर्ज केव्हा भरावेत आणि कशासाठी? कारण नोंद केली आणि रव्यावर छाप मारला, तरी तो छाप शेवटच्या गिऱ्हाइकाला दिसत नाही. तो बत्त्याच्या पहिल्या घावाला जातो.

याचा परिणाम गुळावरही होतो. गिऱ्हाइकाला नाव पडताळून पाहता येत नाही, म्हणून ते रंग पाहते. पिवळाधमक गूळ चांगला, असा समज दूरच्या बाजारांत पक्का बसला आहे. मग रसात हायड्रॉसची पूड पडते आणि गूळ उजळतो. दहा लाख भागांत गंधकाच्या वायूचे प्रमाण सत्तर भागांहून अधिक असू नये अशी खाद्यनियमांची मर्यादा आहे, पण डब्यातील खड्यावर ते कोणी मोजले आहे? हा रंग काही दिवसांत पुन्हा उतरतोही. जो शेतकरी भेंडीच्या रसावरच काम भागवितो त्याचा गूळ तांबूस निघतो, आणि सौद्यात त्याला दर कमी मिळतो. म्हणजे ज्याने कोल्हापूरचे नाव राखले त्यालाच ते महाग पडले. काही जण काहिलीत साखर मिसळतात अशीही ओरड आहे. कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्राने शुद्ध गुळासाठी कोणता ऊस लावावा, रस कसा निवळावा यांवर वर्षानुवर्षे काम केले आहे. ‘को ९२००५’ ही जात गुळास उत्तम म्हणून शेतकऱ्यांत मानली जाते. विद्येची वाण नाही. पण चांगल्या गुळाला निराळी ओळख नसेल तर शेतकरी ऊस सरळ साखर कारखान्यास घालतो. तेथे दर ठरलेला असतो आणि रात्री जागावे लागत नाही. जिल्ह्यात गुऱ्हाळे फार कमी होत चालली आहेत याचे निम्मे कारण हे आहे. गुळव्यांची पुढची पिढीही या कामास हात लावावयास राजी नाही, आणि त्यांच्या बोटांतली विद्या कोणत्याही नोंदवहीत नाही.

आमच्याकडे कोणी म्हणतात की, खरी चोरी कर्नाटकचा गूळ कोल्हापूरच्या बाजारात आणून आमच्या नावावर विकण्यात आहे. ती तक्रार खोटी नाही, परंतु मला ती पुरी पटत नाही. निपाणी १९५६ साली म्हैसूर राज्यात गेली. त्यापूर्वी ती मुंबई इलाख्यात होती. सीमेची रेघ उसाला ठाऊक नाही आणि वेदगंगा-दूधगंगेच्या पाण्यालाही नाही. चपलांची नोंद करताना महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील चार जिल्हे सामील केले, ते शहाणपणाचेच झाले. गुळाच्या बाबतीत रेघ कोठे ओढावयाची ती ओढावी. पार्माकरांनी नदीच्या तीरावर ओढली. पण एकदा ओढल्यावर ती बाजार समितीच्या दाराशी थांबून उपयोग नाही. दुकानातल्या डब्यात काय आहे हे कळत नसेल, तर निपाणीचा गूळ आणि कोल्हापूरचा गूळ हा वाद घालून तरी काय हाती लागणार?

अलीकडे काही गुऱ्हाळवाल्यांनी तीस किलोंच्या रव्याबरोबर एक किलोच्या व त्याहून लहान अशा ढेपा पाडण्यास सुरुवात केली आहे. त्या पेटीत बांधून, वर उत्पादकाचे नाव व गाव छापून बाजारात येतात. व्यापारी दृष्टीने ही वेष्टनाची हौस वाटेल, पण मी तिच्याकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहतो. ही ढेप दुकानात फुटत नाही. ती अखंड घरी येते आणि स्वयंपाकघरात फुटते. रव्यापेक्षा तिला साचे अधिक लागतात, हात अधिक लागतात, आणि खर्चही चढतो. तो खर्च कोणी सोसावयाचा, शेतकऱ्याने की गिऱ्हाइकाने, यावर गुऱ्हाळाच्या ओट्यावर बसून मी पुष्कळ वाद ऐकले आहेत. पार्मात तो गिऱ्हाईक सोसते.

तेथील आणखी एक रीत सांगावयाची राहिली. चीज बारा महिन्यांचे झाले की संघाचा परीक्षक हातोडी घेऊन येतो आणि प्रत्येक चाकावर ठोके मारून कान देतो. आवाज भरीव आला तर त्यावर तापलेल्या लोखंडाची शेवटची मुद्रा बसते. आत पोकळी किंवा चीर आहे असे आवाजावरून कळले आणि दोष मोठा असला, तर ते चाक फेकून देत नाहीत, ते खाण्यास योग्यच असते. मात्र त्याच्या सालीवरची टिंबांची अक्षरे चोहोबाजूंनी खरवडून काढतात, आणि मग ते निनावी चीज म्हणून बाजारात जाते.